झिजणाऱ्या रिंगेची कथा

मोटारगाडी म्हातारी झाली हें तिच्या रंगावरून किंवा दाराच्या कुरकुरण्यावरून ओळखूं नये. रंग नवा देतां येतो, आणि दारास तेल घालतां येतें. गाडीचें खरें वय तिच्या मागून निघणाऱ्या धुरांत असतें. सकाळीं गाडी सुरू करतांच निळसर धुराचा लोट निघूं लागला, चढावर जेथें पूर्वीं तिसऱ्या गिअरनें भागत असे तेथें दुसरा टाकावा लागला, आणि दर आठवड्यास ऑईलचा डबा हातीं घेण्याची पाळी आली, कीं मिस्त्री बोनेट न उघडतांच सांगतो, "रिंगा गेल्या." पूर्वींच्या गाड्या पुढून हँडल मारून सुरू करीत, आणि त्या काळीं हें निदान हातानेंच होत असे. चार सिलिंडरांचें इंजिन असेल तर हँडलाच्या दर अर्ध्या फेऱ्यास हातास एक ताठ विरोध जाणवतो. चारांपैकीं एक विरोध ढिला लागला तर एक सिलिंडर दुबळें झालें असें समजावें; चारहि ढिले लागले, हँडल रिकाम्या रहाटाप्रमाणें गरगर फिरलें, तर मग इंजिन उघडण्याची तयारी करावी. नाडी पाहणाऱ्या वैद्याचें बोट जितकें तयार असतें, तितकाच जुन्या हांकणाऱ्यांचा हात या बाबतींत तयार असे.

ही रिंग दिसावयास अगदीं क्षुल्लक वस्तु आहे. बिडाची एक बांगडी, आणि तीहि एके ठिकाणीं कापलेली. मुंबईच्या रस्त्यांवरून अनेक दशकें फिरलेल्या फियाट गाडीचें सिलिंडर ६८ मिलिमीटर व्यासाचें होतें. म्हणजे तिची रिंग जवळजवळ बाईच्या हातांतील बांगडीच्या मापाचीच. गुणहि बांगडीचाच, थोडी फांकविली तर फांकते, अधिक फांकविली तर काडकन् मोडते. प्रत्येक पिस्टनाच्या अंगावर खांचा पाडून अशा तीन किंवा चार रिंगा बसविलेल्या असतात. मोकळी असतां रिंग सिलिंडरापेक्षां किंचित् मोठी असते. आंत दाबून बसविली कीं ती स्वतःच्या ताठपणानें चोहोंकडून भिंतीस चिकटून राहते. तिचीं कामें मुख्यतः दोन. वर पेट्रोलचा जो भडका उडतो त्याची वाफ खालीं निसटूं द्यावयाची नाहीं, आणि खालचें तेल वर चढूं द्यावयाचें नाहीं. जातां जातां ती तिसरें एक काम करते, तें म्हणजे पिस्टनाची उष्णता भिंतीकडे पोंचविणें.

या कामांत तिला किती घांसावें लागतें याचा हिशेब शाळेंतल्या मुलासहि करतां येईल. उपरिनिर्दिष्ट फियाटच्या पिस्टनाची धांव ७५ मिलिमीटर. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असतां पिस्टन मिनिटास ६००० वेळां ही धांव घेतो. म्हणजे ४५० मीटर, आणि तासास २७ किलोमीटर. एका तासाच्या प्रवासांत ही बिडाची बांगडी, आगीच्या शेजारीं, तेलाच्या एका पातळ पापुद्र्यावरून, मोठ्या शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घांसत जाते. तिनें झिजूं नये अशी अपेक्षा करणेंच चुकीचें. किंबहुना ती झिजावी अशीच योजना आहे. भिंत झिजली तर सबंध सिलिंडराचा ठोकळा वायां जावयाचा. रिंग झिजली तर बांगडी बदलावयाची. म्हणून ती भिंतीपेक्षां स्वस्त, आणि काढतां-घालतां येण्याजोगी केलेली आहे.

ही युक्ति आज साधी वाटते. परंतु वाफेचें इंजिन निघाल्यानंतर सवाशें वर्षांहून अधिक काळ ती कोणास नीट साधली नाहीं. होळीची पितळी पिचकारी ज्यानें उघडून पाहिली आहे त्यास जुन्या इंजिनवाल्यांची अडचण तात्काळ कळेल. पिचकारीच्या दट्ट्यास सूत किंवा चिंधी गुंडाळलेली असते. ती नसेल तर पाणी पुढें न उडतां दांड्याकडून मागें येतें आणि रंग उडविणाराच रंगतो. न्यूकोमेनच्या इंजिनांत दट्ट्याभोंवतीं चामडें असे आणि वरून पाणी घालून ठेवीत. वॅटच्या इंजिनांत तागाचा दोर चरबींत भिजवून गुंडाळीत. १७७५ च्या सुमारास विल्किन्सननें सिलिंडर आंतून बरोबर गोल कातण्याचें यंत्र काढलें म्हणून वॅटचें इंजिन व्यवहारांत उतरलें, असें त्या काळचे जाणते म्हणतात, आणि तें खरेंहि आहे. परंतु दट्ट्याची चिंधी राहिलीच. तो दोर जळे, सुटे, पुन्हां गुंडाळावा लागे. पुढें धातूच्या तुकड्यांना स्प्रिंगा लावून पाहिल्या. ते दट्टे जड झाले आणि त्यांची घडण किचकट झाली.

जॉन रॅम्सबॉटम नांवाच्या इंग्लंडांतील एका रेल्वे इंजिनिअरनें हा गुंता सोडविला. १८५४ सालीं त्यानें आपल्या सुधारलेल्या पिस्टनाविषयीं यंत्रज्ञांच्या संस्थेपुढें निबंध वाचला. वेगळी स्प्रिंग नको, तुकडे नकोत. रिंगच किंचित् मोठी घडवून कापावी आणि दाबून बसवावी, म्हणजे ती स्वतःच स्प्रिंग होते, एवढाच त्याचा शोध. त्याच्या आदल्याच वर्षीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, मुंबई ते ठाणें ही आगगाडी सुरू झाली होती. आगगाडीच्या उद्घाटनाची हकीकत आपल्याकडील सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. रॅम्सबॉटमच्या कापलेल्या बांगडीचा उल्लेख कोठेंच नाहीं. परंतु पुढें मोटार, ट्रॅक्टर, विहिरीवरचें ऑईल इंजिन आणि विमान यांच्या पोटांत जी रिंग गेली ती त्याच बांगडीची लेक होय.

वस्तु परदेशांत जन्मली. ती झिजल्यावर काय अडतें हें मात्र मुंबईसारख्या शहरांत कळत नाहीं. तेथें चार पावलांवर दुकान असतें. त्यासाठीं दुकानापासून दूर असलेलें एखादें गांव पाहावें. सोयगांव तसें आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशीं हें आजचें तालुक्याचें ठिकाण. येथील पाणी गोदावरीकडे न जातां तापीकडे जातें. बोलीला खानदेशी वळण आहे. बाजाराची ओढ शेंदुर्णी, पाचोरें आणि जळगांवकडे. परंतु कारभाराचें शहर औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, आणि तें डोंगरापलीकडे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि थोड्याच मैलांवर इंग्रजी खानदेशाची हद्द लागत असे. घर एका राज्यांत आणि बाजार दुसऱ्या राज्यांत, अशी सोयगांवकरांची स्थिति होती.

इतक्या आडबाजूस मोटारी लौकर आल्या त्याचें कारण अजिंठ्याचीं लेणीं. तीं याच तालुक्यांत, वाघूर नदीच्या वळणावर आहेत. १८१९ सालीं इंग्रज अधिकाऱ्यांच्या एका शिकारी टोळीच्या दृष्टीस तीं पडलीं तेव्हांपासून त्यांची कीर्ति वाढत गेली. पाहुणे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें जळगांवास उतरत आणि तेथून सुमारें ३५ मैलांवरील फर्दापुरास मोटारीनें येत; तेथें त्यांच्यासाठीं संस्थानचें विश्रामगृह होतें. १९१९ पासून पाचोरें ते जामनेर ही लहान रुळांची आगगाडी सुरू झाली, तेव्हां पहूर स्टेशन अधिक जवळचें झालें. फर्दापुराहून पुढें औरंगाबादकडे जावयाचें तर अजिंठ्याचा घाट चढावा लागतो, आणि थकलेल्या रिंगांची परीक्षा घेण्यास त्याच्याइतकी चांगली जागा त्या भागांत दुसरी नाहीं. १९३२ सालीं संस्थानानें आपल्या रेल्वेखात्याच्या हाताखालीं सरकारी बसगाड्या सुरू केल्या. आरंभीं २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. स्कॉटलंडांत बनलेल्या ऑल्बियन गाड्या हैदराबादच्या लोकांच्या स्मरणांत त्याच काळापासून आहेत. सरकारी गाड्यांस सरकारी वर्कशॉप होतें. एखाद्या वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या किंवा डॉक्टराच्या गाडीस मात्र तें उघडें नव्हतें.

अशा खाजगी गाडीची रिंग झिजली म्हणजे काय होई, याचा विचार करावा. रिंग बने इंग्लंडांत नाहींतर अमेरिकेंत. ती बोटीनें मुंबईस येई, आगगाडीनें जळगांवास येई, आणि मग मधें हद्द उभी राही. हैदराबाद संस्थानची स्वतःची जकात होती. त्या खात्यास करोडगिरी म्हणत, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर किंमतीच्या शेंकडा पांच या बेतानें ती घेतली जाई. नाणेंहि वेगळें होतें. जळगांवचा दुकानदार कलदार रुपया मागणार. सोयगांवच्या खिशांत हाली शिक्का. आणि सात हालींस सहा कलदार हा साधारण भाव. चार बांगड्यांच्या एका संचासाठीं एवढा प्रपंच. म्हणून गाडी बाळगणारा शहाणा गृहस्थ रिंगांचा एक जादा संच ग्रीज फांसून, मेणकागदांत गुंडाळून, दागिन्यांप्रमाणें कपाटांत ठेवून देई. यांत त्याचा छांदिष्टपणा मुळींच नव्हता.

त्यानंतर दुसरें महायुद्ध आलें, आणि शहरवासीयांसहि सोयगांवचा अनुभव आला. बोटींवर तोफा आणि दारूगोळा भरला जाऊं लागल्यावर मोटारींच्या सुट्या भागांस जागा कोठून मिळणार? १९४१ पासून पेट्रोलवर रेशन आलें. गाड्या बंद ठेवणें परवडण्यासारखें नव्हतें, म्हणून कोळशाच्या गॅसचीं यंत्रें निघालीं. बसच्या किंवा लॉरीच्या पाठीशीं एक उंच भट्टी बसवीत. तींत लांकडी कोळसा अपुऱ्या हवेवर धुमसत ठेवीत, आणि त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु नळीनें इंजिनास पाजीत. या गॅसवर इंजिनाची शक्ति पेट्रोलच्या मानानें तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी होई. घाटांत उतारूंनीं खालीं उतरून गाडीमागून चालावें, आणि माथ्यावर पुन्हां चढून बसावें, ही त्या दिवसांतली अनेकांची आठवण आहे. लोक त्या गाडीस हंसले. परंतु तिच्यामुळें बाजार भरले, टपाल पोंचलें, आणि आजारी माणसें दवाखान्यांत गेलीं, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

मात्र या गॅसची खरी किंमत हांकणाऱ्यास पुढें कळून आली. कोळशाबरोबर राख येते. ती अडविण्यास कापड, काथ्या, पाणी, तेल यांच्या गाळण्या लावीत. त्या रोज साफ कराव्या लागत, आणि माणूस आहे तेथें आळस आहे. गाळणींतून निसटलेली बारीक राख सिलिंडरांत जाई, तेलांत मिसळे, आणि त्या मिश्रणाचा लेप होई. भांडीं घांसण्यास राखेसारखें साधन नाहीं हें आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे. इंजिनाच्या आंत तेंच काम मिनिटास हजारों वेळां चालूं लागलें. जी रिंग पेट्रोलवर वर्षांनुवर्षें टिकावी ती फार लौकर झिजूं लागली. ज्या काळांत नव्या रिंगा येईनाशा झाल्या, नेमक्या त्याच काळांत जुन्या रिंगा अधिक वेगानें संपूं लागल्या. युद्धकाळांतील टंचाईंविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. धान्य, कापड, रॉकेल यांचीं नांवें त्यांत येतात. ही टंचाई मात्र कोणाच्या ध्यानीं आली नाहीं, कारण ती इंजिनाच्या पोटांत होती.

संस्थानांतील प्रजेच्या वांट्यास याहून एक अधिक फेरा आला. युद्ध संपलें, देश स्वतंत्र झाला, आणि बाकीच्या महाराष्ट्रांत माल हळूहळू मिळूं लागला, तोंच हैदराबादचा प्रश्न चिघळला. १९४७ च्या नोव्हेंबरांत जैसे-थे करार झाला. परंतु त्यानंतरच्या महिन्यांत सीमेवर माल अडूं लागला, आणि पेट्रोल व यंत्रांचे भाग यांची संस्थानांत ओढाताण झाली. रझाकारांच्या दहशतीनें सीमेवरचीं गांवें हवालदिल झालेलीं होतीं. अशा वेळीं रात्रींबेरात्रीं कुटुंब घेऊन हद्दीपलीकडे जावयाचें तर वाहन चालू स्थितींत आहे कीं नाहीं, हा प्रश्न चैनीचा राहिला नव्हता. १९४८ च्या १३ ते १७ सप्टेंबर या पांच दिवसांत तो अध्याय संपला, आणि पुढें करोडगिरीचे नाके व हाली नाणें हींहि गेलीं.

या सर्व काळांत इंजिन घरीं उघडण्यावांचून गाडीवाल्यास गति नव्हती. हें काम कसें चाले तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण तें येणारे हात आतां विरळ झाले आहेत. जागा म्हणजे घरापुढचें अंगण किंवा वाड्याची पडवी. हत्यारें म्हणजे पान्यांचा एक संच, एक कानस, हातोडी, पातळ पात्यांचा फीलर गेज, रॉकेलचा डबा, आणि स्वयंपाकघरांतून आणलेली एक परात. सुटे भाग धुण्याकडे गेलेली परात पुन्हां स्वयंपाकघरांत घेतली जात नसे. या बाबतींत घरच्या बाईचा शब्द अखेरचा असे आणि तो योग्यहि असे.

प्रथम रेडिएटरचें पाणी आणि चेंबरचें तेल काढावयाचें. मग सिलिंडरांवरचें झांकण, ज्यास हेड म्हणतात तें, उतरवावयाचें. त्याचे नट एकदम सोडीत नाहींत. बाहेरून आंत येत, प्रत्येक थोडा थोडा ढिला करीत जावें लागतें, नाहींतर हेड वांकडें होतें. खालून चेंबर काढलें कीं कनेक्टिंग रॉडांच्या टोप्या दिसतात. प्रत्येक टोपी आणि तिचा रॉड यांवर पंचानें एक, दोन, तीन, चार असे ठिपके मारून ठेवणें हा या कामांतील पहिला धडा. दोनची टोपी तीनला बसली तर बेअरिंग आवळतें आणि सारा खटाटोप फुकट जातो. टोप्या काढून पिस्टन खालून वर ढकलावयाचे; परंतु त्याआधीं सिलिंडराच्या वरच्या कडेशीं बोटाचें नख फिरवून पाहावें लागतें. रिंग जेथपर्यंत पोंचते तेथपर्यंत भिंत झिजलेली असते, आणि त्याच्या वरची अरुंद पट्टी मूळच्या मापाची राहते. त्या दोहोंच्या सांध्यावर नख अडतें. ही कड खरवडून सपाट केल्यावांचून नवी रिंग घातली तर तिची कोरी धार तिथें आदळून ती पहिल्याच दिवशीं मोडते. पुस्तक वाचून काम करणारे पुष्कळ जण याच जागीं फसले. मिस्त्रीचें नख फसत नसे.

पुढचा भाग भूमितीचा आहे. भिंत किती झिजली हें मोजण्याचें भारी उपकरण घरीं नसतें. तेव्हां एक नवी रिंग मोकळीच सिलिंडरांत घालावी, पिस्टनाच्या माथ्यानें ती सरळ करावी, आणि तिच्या कापलेल्या टोंकांमधील फट फीलर गेजनें मोजावी. एकदां तळाशीं, जेथें झीज नसते, आणि एकदां वर, जेथें ती सर्वांत अधिक असते. वर्तुळाचा परिघ व्यासाच्या ३.१४ पट, हें ज्यानें शाळेंत घोकलें त्यास उत्तर आपोआप मिळतें. वरची फट खालच्यापेक्षां ३१ हजारांश इंचांनीं मोठी भरली तर व्यास सुमारें १० हजारांशांनीं वाढला असें समजावें. एवढी झीज झाली असेल तर नुसत्या रिंगांनीं भागत नाहीं. सिलिंडर नव्यानें बोअर करून मोठे पिस्टन घालावे लागतात, आणि तें काम अंगणांत होत नाहीं. घरच्या कामाची मर्यादा जाणणें हाहि त्या कसबाचाच भाग होता. झीज याहून कमी असेल तर मात्र गृहस्थानें बेशक पुढें जावें.

नव्या रिंगेची फट अगदीं थोडी ठेवावयाची असते. सिलिंडराच्या व्यासाच्या दर इंचास तीन ते चार हजारांश इंच, असा जुना दंडक. फट मुळींच ठेवली नाहीं तर रिंग तापून वाढते, टोंकांस टोंकें भिडतात, आणि ती भिंत ओरबाडून काढते. म्हणून कमी असेल तर कानशीनें टोंकें हलक्या हातानें घांसावींत. मग रिंग पिस्टनावर चढविणें. कासार कोंवळ्या हातांत बांगडी भरतो तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना निराळें वर्णन नको. जोर लावला कीं बांगडी वाढलीच. सगळ्या रिंगा चढल्या कीं त्यांच्या फटी एकाखालीं एक येऊं न देतां फिरवून ठेवतात, नाहींतर भडक्यास सरळ वाट मिळते. शेवटीं त्या दाबून पिस्टन सिलिंडरांत सोडावयाचा. त्यासाठीं विलायती साधन असतें. परंतु ऑईलच्या डब्याची पत्र्याची पट्टी कापून, ती रिंगांभोंवतीं आवळून, हातोडीच्या लांकडी मुठीनें पिस्टन हळूच ठोकला तर तेंच काम होतें. मधेंच अडला तर ठोकूं नये. एखादी रिंग खांचेबाहेर राहिली आहे हें ओळखावें आणि पुन्हां आरंभ करावा. इंजिन बांधून झाल्यावर पहिले पांचशें मैल गाडी सावकाश हांकावी लागते, कारण नवी रिंग आणि जुनी भिंत यांची ओळख पटण्यास तेवढा वेळ जातो. धूरहि कांहीं दिवस राहतो. तो पाहून शेजारीपाजारी हंसतात. त्यांस हंसूं द्यावें.

परंतु रिंग घरीं बसविली तरी ती घरची नव्हती. हें दुखणें ज्यांस आधीं कळलें अशांत सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद हे होते. अमेरिकन जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईंत शिवडीस गाड्या जोडीत होती. परंतु जोडणें आणि घडविणें यांत फरक आहे. वालचंदांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. इकडे विहिरीवरच्या इंजिनांचें कामहि चाललें होतेंच. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानें युद्धापूर्वींच डिझेल इंजिनें घडविलीं. हेच कूपर १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान होते. १९४६ सालीं पुण्याजवळ किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरच्या अशा इंजिनाची रिंग बदलतांना जे हात तयार झाले तेच पुढें मोटारीकडे वळले. त्यांची शाळा शेतांत होती असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. पिस्टन आणि रिंगा घडविण्याचे कारखाने मात्र प्रथम महाराष्ट्राबाहेर निघाले. मद्रासेस १९४९ सालीं इंडिया पिस्टन्स निघाली, आणि १९५४ सालीं गोएट्झे ही जर्मन नांवाची कंपनी भारतांत स्थापन झाली.

त्याच सुमारास सरकारनें धोरण ठरविलें, कीं जो येथें भाग घडविणार नाहीं त्यानें नुसतें जोडकामहि करूं नये. आणि १९५४ मध्यें जनरल मोटर्सनें शिवडीचें काम आवरलें. पुढील तीन दशकें बाजारांत दोन-तीनच गाड्या राहिल्या. फियाट नोंदवून वर्षांनुवर्षें वाट पाहावी, आणि मिळाली म्हणजे पेढे वाटावे, अशी स्थिति झाली. अर्थशास्त्रज्ञांनीं या काळास पुष्कळ नांवें ठेविलीं, आणि त्यांच्या बोलण्यांत तथ्य आहे. एकच इंजिन इतकीं वर्षें चालविणें ही कांहीं अभिमानाची गोष्ट नव्हे. परंतु त्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९५४ सालीं कुर्ल्यास आलेली फियाट ११०० आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली गेलेली गाडी, दोहोंचें सिलिंडर तेंच, १०८९ घन सेंटिमीटरांचें. त्यामुळें तिच्या रिंगा जळगांवास मिळत, औरंगाबादेस मिळत, आणि तालुक्याच्या मिस्त्रीस तिचे ठिपके, फटी आणि मापें पाठ झालीं. बदल थांबला म्हणून कौशल्य गांवोगांवीं पसरलें. हा सौदा फायद्याचा कीं तोट्याचा, याचें उत्तर गाडी विकत घेणारा आणि गाडी सांभाळणारा सारखें देणार नाहीं.

त्या गाडीचें उत्पादन विसाव्या शतकाबरोबर संपलें. मुंबईंतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदविली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निघून गेली. पाचोरें-जामनेरची छोटी आगगाडीहि २०२० सालीं थांबली आहे. तेथें रुंद रुळांची योजना आहे. नव्या मोटारींच्या रिंगा पूर्वींच्या मानानें फार पातळ असतात, त्यांवर कठीण मुलामा असतो, आणि गाडीचा मालक गाडी विकून टाकतो तोंपर्यंत त्या झिजत नाहींत. कित्येक इंजिनांस तर वाढीव मापाच्या रिंगा मिळतच नाहींत. झीज झाली तर सबंध ठोकळा बदलावयाचा. धूर कमी झाला, तेल कमी लागूं लागलें, ही सुधारणा मान्यच केली पाहिजे. अंगणांतली परात मात्र स्वयंपाकघरांत राहिली.

घरच्या कामांतील एक पायरी सांगावयाची राहिली. नव्या रिंगा चढविण्यापूर्वीं पिस्टनावरच्या खांचा साफ कराव्या लागतात. त्यांत जळलेल्या तेलाची काजळी दगडासारखी घट्ट बसलेली असते. चाकू चालत नाहीं, कारण तो खांच रुंद करतो. तारेचा ब्रश आंत पोंचत नाहीं. त्यासाठीं काढलेल्या जुन्या रिंगांपैकींच एक घेऊन मोडतात, तुकड्याचें टोंक कानशीनें धारदार करतात, दुसऱ्या टोंकास चिंधी गुंडाळतात, आणि त्या तुकड्यानें खांच खरवडीत जातात. खांचेच्या मापाचें याहून नेमकें हत्यार बाजारांत मिळत नाहीं. काम झाल्यावर तो तुकडा पुसून, तेल लावून, पान्यांच्या पेटींत पुढच्या वेळेसाठीं ठेवून देतात.